विश्लेषण : एपीआयची ‘माहितीपुस्तिका’ लिहिणारे देवपुरात का घडू नयेत?

सॉफ्टवेअर लिहिणारे पुष्कळ आहेत, ते कसे वापरायचे हे नीट लिहून ठेवणारे मोजके. या कामाची साधने बहुतांशी मोफत आहेत, शिकण्याची सोय घरबसल्या आहे. मग अडते कुठे?

रेशन दुकानातील ई-पॉस यंत्रावर बोट ठेवले जाते, यंत्र क्षणभर थांबते आणि पडताळणी झाली नाही असे सांगते. शेतात, वीटभट्टीवर किंवा यंत्रमागावर राबलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात, हे दुकानदारालाही ठाऊक असते. तरी त्याच्याकडे उत्तर एकच असते, ‘मशीन घेत नाही, उद्या या.’

प्रत्यक्षात यंत्राला मागून आलेले उत्तर इतके मोघम नसते. आधार पडताळणीच्या व्यवस्थेत प्रत्येक अपयशाला स्वतंत्र संकेतांक आहे. ३०० म्हणजे बोटाचा ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे आधारधारकाने स्वतःच आपली बायोमेट्रिक माहिती कुलूपबंद केली आहे. ५६१ म्हणजे विनंतीची मुदत संपली. ९९८ म्हणजे आधार क्रमांकातच गडबड आहे. पहिल्या प्रकरणात बोट पुसून, दुसरे बोट लावून काम होऊ शकते. दुसऱ्यात बोट शंभर वेळा लावले तरी उपयोग नाही. तिसऱ्यात त्या माणसाच्या बोटाचा दोषच नाही. पण दुकानाच्या पडद्यावर या सगळ्यांचे मिळून ‘अयशस्वी’ झाले, की झिजलेल्या बोटाच्या म्हाताऱ्या माणसाला घरी परतावे लागते.

भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने (यूआयडीएआय) विकासकांसाठी काढलेल्या दस्तऐवजांत या संकेतांकांपुढे ‘वापरकर्त्याला काय सांगावे’ याच्या सूचनाही दिल्या आहेत. ठसा जुळला नाही तर दुसरे बोट वापरा, बोट नीट दाबले आहे का पाहा, सेन्सर आणि बोट स्वच्छ करा, अशा त्या साध्या सूचना. त्या कोणीतरी विचार करून लिहिल्या. पुढे एखाद्या सॉफ्टवेअर करणाऱ्याने त्या वाचल्या नाहीत, किंवा वाचून पडद्यापर्यंत नेल्या नाहीत, तर त्याची किंमत तिसराच माणूस मोजतो. पडताळणी जुळली नाही एवढ्याच कारणावरून पात्र लाभार्थ्याला धान्य नाकारू नये, अशा सूचना केंद्र सरकारने २०१७ मध्येच दिल्या आहेत. पण पडद्यावर मोघम वाक्य असेल, तर त्या सूचनेची आठवण करून देणार कोण?

खानदेशाला हा विषय परका नाही. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्याच्या टेंभली गावात वाटले गेले. १९९८ पर्यंत हे गाव धुळे जिल्ह्यातच होते. ज्या मुलखातून ही व्यवस्था सुरू झाली, तेथील अभियांत्रिकीच्या मुलांना तिच्यामागच्या लेखनकामाची ओळखही नसावी, ही खंतावण्यासारखी गोष्ट आहे. या कामाला ‘एपीआय डॉक्युमेंटेशन’ म्हणतात.

एपीआय म्हणजे नेमके काय?

एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडे काही मागायचे आणि दुसऱ्याने ठरलेल्या स्वरूपात उत्तर द्यायचे, या व्यवहाराची ठरलेली खिडकी म्हणजे एपीआय. मागणी कोणत्या पत्त्यावर पाठवायची, सोबत कोणती माहिती द्यायची, ओळख कशी पटवायची, उत्तर कसे येईल, काही बिघडले तर कोणता संकेतांक मिळेल, एका मिनिटात किती वेळा मागता येईल, हे सगळे त्यात ठरलेले असते.

यूपीआय हे त्याचे रोजचे उदाहरण. मुंबईत मुख्यालय असलेल्या ‘एनपीसीआय’ने ११ एप्रिल २०१६ रोजी ही व्यवस्था समोर आणली. भाजीवाल्याचा क्यूआर कोड एका कंपनीचा, ग्राहकाचे अ‍ॅप दुसऱ्या कंपनीचे, दोघांच्या बँका निराळ्या. तरी पैसे काही क्षणांत पोहोचतात. कारण या सगळ्यांनी एकच नियमावली वाचून आपापले सॉफ्टवेअर तयार केले. या कंपन्यांचे अभियंते एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांच्यातला दुवा म्हणजे तो लिहिलेला कागद.

पांझरेच्या काठाला नियमाने वाटप करण्याची जुनी सवय आहे. फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी कोणत्या फडाला केव्हा द्यायचे, कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे, हे गाव मिळून ठरवत आले. पाटकऱ्याने पाणी सोडायचे आणि सगळ्यांनी ते मानायचे. तेथे नियम रूढीने चालू शकले, कारण सगळे एकमेकांच्या ओळखीचे होते. शंका आली तर पाटकऱ्याला हाक मारता येत होती. एपीआयचा वापरकर्ता हजार किलोमीटरवर बसलेला अनोळखी माणूस असतो आणि तो रात्री दोन वाजता काम करत असतो. त्याला हाक मारायला कोणी नसते. म्हणून तेथे नियम लिहावेच लागतात, आणि तेही शंकेला जागा राहणार नाही असे.

नीट न लिहिल्याने काय बिघडते?

धुळे जिल्ह्यालाच जवळचे उदाहरण घ्यायचे तर बाजारभावाचे. देशभरातील बाजार समित्यांचे दैनंदिन भाव केंद्र सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर एपीआयद्वारे मिळतात. राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, आवकेची तारीख, किमान भाव, कमाल भाव आणि ‘मोडल’ भाव असे त्यात रकाने असतात. देवपुरातील एखाद्या विद्यार्थ्याने शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून कापूस किंवा मिरचीचे भाव दाखवणारे अ‍ॅप करायचे ठरवले, तर त्याला हा एपीआय वापरता येतो.

आता तो कुठे अडखळेल ते पाहा. भाव क्विंटलचा आहे. हे त्याच्या लक्षात आले नाही आणि त्याने तो किलोचा समजून पडद्यावर मांडला, तर सगळे अ‍ॅप हास्यास्पद ठरेल. ‘मोडल’ भाव म्हणजे सरासरी नव्हे. ज्या भावाने सर्वाधिक व्यवहार झाले, तो हा भाव. शेतकऱ्याच्या दृष्टीने हाच आकडा सर्वांत कामाचा, कारण कमाल भाव एखाद्याच ढिगाला मिळालेला असू शकतो. तारीख आधी दिवस, मग महिना, अशी येते. प्रोग्रामने ती अमेरिकी पद्धतीने वाचली तर ५ नोव्हेंबरचा भाव ११ मेच्या नावावर जमा होतो. आणखी एक गोष्ट म्हणजे नमुन्यादाखल दिलेल्या चावीने एका वेळी दहाच नोंदी मिळतात. हे न कळलेला विद्यार्थी ‘आपल्या जिल्ह्याची माहितीच नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

बाजार बंद असेल त्या दिवशी नोंदच येत नाही, की शून्य येते? हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण अ‍ॅपवर ‘आजचा भाव : ०’ असे दिसले, तर शेतकरी ते अ‍ॅप पुन्हा उघडणार नाही. प्रोग्राममध्ये चूक नाही, माहितीतही चूक नाही. त्या दोघांच्या मध्ये लिहायचे एक वाक्य राहून गेले, एवढेच.

हा अनुभव केवळ इथला नाही. ‘गिटहब’ने २०१७ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचे सर्वेक्षण केले. त्यात ९३ टक्के लोकांनी अपुऱ्या किंवा कालबाह्य डॉक्युमेंटेशनची अडचण जाणवल्याचे सांगितले. त्याच वेळी ६० टक्के योगदानकर्त्यांनी आपण डॉक्युमेंटेशनच्या कामाला क्वचितच हात लावतो किंवा लावतच नाही, असे मान्य केले. गरज सगळ्यांना, पण लिहायला कोणी तयार नाही. रोजगार शोधणाऱ्याने नेमकी हीच जागा हेरायला हवी.

हे काम करणारा दिवसभर करतो काय?

‘टेक्निकल रायटर’ म्हणजे इंग्रजी सुधारून देणारा कारकून, हा समज पहिल्यांदा काढून टाकायला हवा. एपीआयचे डॉक्युमेंटेशन लिहिणारा आधी तो एपीआय स्वतः चालवून पाहतो. अभियंत्याने ‘हा रकाना ऐच्छिक आहे’ असे सांगितले, तर तो रकाना वगळून विनंती पाठवतो आणि खरेच चालते का ते बघतो. मुद्दाम चुकीची तारीख टाकतो, मुदत संपलेली चावी वापरतो, एका मिनिटात दोनशे विनंत्या पाठवतो. मिळालेले उत्तर आणि सांगितलेले उत्तर यांत फरक पडला की अभियंत्याकडे परत जातो. अनेकदा सॉफ्टवेअरमधील दोष परीक्षकाच्या आधी त्यालाच सापडतो, तो यामुळेच.

त्यानंतर लेखन. त्यातही चार निरनिराळ्या गरजा असतात. डॅनिएले प्रोसिडा यांनी मांडलेल्या ‘डायटॅक्सिस’ या पद्धतीत त्या नेमक्या वेगळ्या केल्या आहेत. नवख्याला हात धरून शिकवणारा धडा, एखादे ठरावीक काम उरकण्याची कृती, प्रत्येक रकान्याची नोंद असलेला संदर्भ आणि ‘हे असे का’ हे समजावणारे विवेचन. स्वयंपाक शिकवणे, पाककृती देणे, डब्यांवर चिठ्ठ्या लावणे आणि फोडणी आधी का द्यायची हे सांगणे, या चार गोष्टी एकाच परिच्छेदात कोंबल्या तर कोणाचेच पोट भरत नाही. बहुतेक वाईट डॉक्युमेंटेशनचा दोष हाच असतो.

आणि काम एकदा लिहून संपत नाही. एपीआयची नवी आवृत्ती आली की काय बदलले, जुने कधी बंद होणार, वापरणाऱ्यांनी तोवर काय करायचे, हे वेळेत सांगावे लागते. न सांगता एक रकाना काढून टाकला, तर त्यावर चालणारी दुसऱ्यांची सॉफ्टवेअर एका रात्रीत बंद पडतात.

साधने कोणती, आणि ती परवडतात का?

बहुतेक साधने फुकट आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. शिकण्याचा क्रम साधारण असा ठेवता येतो.

मार्कडाउन : २००४ मध्ये जॉन ग्रुबर यांनी आणलेली ही मजकूर लिहिण्याची सोपी पद्धत. शीर्षक, यादी, तक्ता यांसाठी मोजकी चिन्हे वापरायची. एका दुपारी शिकून होते.

गिट : कोणी, केव्हा, कोणता बदल केला याची नोंद ठेवणारी व्यवस्था, २००५ पासूनची. आता डॉक्युमेंटेशनही प्रोग्रामप्रमाणेच गिटमध्ये ठेवले जाते आणि त्यातील बदल दुसऱ्याने तपासल्याशिवाय स्वीकारले जात नाहीत. या पद्धतीला ‘डॉक्स अ‍ॅज कोड’ म्हणतात.

ओपनएपीआय : एपीआयचे वर्णन यंत्रालाही वाचता येईल अशा ठरावीक साच्यात लिहिण्याचे प्रमाण. २०११ मध्ये ते ‘स्वॅगर’ या नावाने आले. २०१५ मध्ये ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेले आणि पुढे त्याचे नाव बदलले. या साच्यात एकदा वर्णन लिहिले, की ‘स्वॅगर यूआय’ किंवा ‘रीडॉक’ त्यातून वाचण्याजोगी पाने तयार करतात.

पोस्टमन : एपीआयला विनंत्या पाठवून उत्तरे तपासण्याचे साधन. त्याचा जन्म बेंगळूरुचा. २०१२ मध्ये क्रोम ब्राउजरला जोडायचे छोटे साधन म्हणून अभिनव अस्थाना यांनी ते केले आणि पुढे त्याची जगभर वापरली जाणारी कंपनी झाली.

डॉक्युसॉरस, एमकेडॉक्स, स्फिंक्स : लिहिलेल्या मजकुराचे संकेतस्थळ करून देणारी साधने. यातले कोणतेही एक आले तरी पुरे.

व्हेल आणि स्पेक्ट्रल : पहिले भाषेतील विसंगती पकडते, दुसरे ओपनएपीआयच्या वर्णनातील त्रुटी. शंभर पानांत एकाच गोष्टीला तीन नावे दिली गेली असतील, तर माणसाच्या नजरेतून ते सुटते, यांच्यातून सुटत नाही.

या यादीने कोणी दबून जाऊ नये आणि हुरळूनही जाऊ नये. साधने दोन महिन्यांत हाताखाली येतात. कोणता प्रश्न विचारायचा राहिला आहे हे ओळखण्याची नजर यायला वेळ लागतो. ‘स्वॅगर यूआय’ने सुबक पान तयार झाले, पण त्यात ‘मोडल भाव : मोडल भाव’ एवढेच स्पष्टीकरण असले, तर ते पान नसल्यातच जमा. आज अनेक ठिकाणी नेमके असेच होते. पान आपोआप तयार होते, मात्र त्यात अर्थ भरायला माणूस नसतो.

शिकायचे कुठे आणि दाखवायचे काय?

गुगलने आपल्या अभियंत्यांसाठी केलेले तांत्रिक लेखनाचे अभ्यासक्रम २०२० पासून सर्वांसाठी मोफत खुले आहेत. गुगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांच्या लेखन-शैलीपुस्तिकाही कोणालाही वाचता येतात. टॉम जॉन्सन या अनुभवी लेखकाचा एपीआय डॉक्युमेंटेशनवरील सविस्तर अभ्यासक्रमही विनामूल्य आहे. ‘राइट द डॉक्स’ हा या क्षेत्रातील लोकांचा जागतिक समूह. त्याची पहिली परिषद २०१३ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड शहरात झाली आणि परिषदांमधील भाषणे घरबसल्या पाहता येतात. २०१९ मध्ये गुगलने ‘सीझन ऑफ डॉक्स’ सुरू केले. त्यातून मुक्त स्रोत प्रकल्पांना डॉक्युमेंटेशन लिहून घेण्यासाठी पैसा मिळाला आणि या कामालाही मानधन असते, हे अनेकांना पहिल्यांदा कळले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. तांत्रिक लेखकांची सर्वांत जुनी आणि मोठी संघटना मानली जाणारी अमेरिकेतील ‘सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन’ २०२५ च्या जानेवारीत दिवाळखोरी जाहीर करून बंद झाली. १९५३ पासूनची ही संस्था. तिच्या प्रमाणपत्रांवर भिस्त ठेवणाऱ्यांना हा धक्का होता. त्यातून घ्यायचा धडा हा, की या धंद्यात कागदी प्रमाणपत्रापेक्षा केलेले काम जास्त बोलते. हजारो रुपये घेऊन ‘तीन महिन्यांत हमखास नोकरी’ म्हणणाऱ्या क्लासच्या वाटेला जाण्यापूर्वी हे लक्षात ठेवलेले बरे.

दाखवण्याजोगे काम कसे उभे करायचे? एखादा सार्वजनिक एपीआय निवडायचा. वर सांगितलेला बाजारभावाचाही चालेल. त्याचे ओपनएपीआय वर्णन स्वतः लिहायचे, पहिली यशस्वी विनंती कशी पाठवायची याचा धडा लिहायचा, चुकांचा तक्ता करायचा आणि हे सगळे गिटहबवर ठेवायचे. मुक्त स्रोत प्रकल्पातील कालबाह्य पान दुरुस्त करून पाठवायचे. मुलाखतीत ‘मला डॉक्युमेंटेशन येते’ असे सांगण्यापेक्षा हा दुवा पुढे करणे कधीही चांगले.

इंग्रजीचा अडसर खरा आहे का?

देवपुरात हा प्रश्न टाळून चालणार नाही. पांझरेच्या या काठावर शाळा-महाविद्यालयांची दाटी आहे. विद्यानगरीत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. साक्री, शिंदखेडा, शिरपूरच्या गावांतून आलेली, मराठी माध्यमात शिकलेली, घरी अहिराणी बोलणारी मुले येथे खोल्या करून राहतात. ‘लेखनाचे काम, तेही इंग्रजीत? आपल्याला नाही जमणार,’ हे त्यांचे पहिले वाक्य असते.

हा न्यूनगंड निम्मा खरा आणि निम्मा निराधार आहे. खरा अशासाठी, की हे काम मुख्यतः इंग्रजीत चालते आणि व्याकरणाच्या चुका चालत नाहीत. निराधार अशासाठी, की या कामाला लागणारे इंग्रजी अलंकारिक नसते. छोटी वाक्ये, वर्तमानकाळ, एका वाक्यात एकच गोष्ट, कर्ता स्पष्ट, एका वस्तूला सगळीकडे एकच नाव. शैलीपुस्तिका नेमके हेच सांगतात, कारण वाचणाऱ्यांतील फार मोठ्या वर्गाची मातृभाषा इंग्रजी नाही. ब्राझील, व्हिएतनाम, पोलंडमधील अभियंताही तेच पान वाचतो. अवघड इंग्रजी वाचताना कुठे ठेच लागते, हे मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इतरांपेक्षा चांगले कळते. ही त्याची जमेची बाजू ठरू शकते.

अडचण भाषेपेक्षा सवयीची अधिक आहे. आपल्याकडे अभियांत्रिकीत लेखन म्हणजे परीक्षेपुरती उत्तरे आणि प्रकल्प अहवाल. हा अहवाल कसा तयार होतो, हे कोणत्याही महाविद्यालयाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात विचारावे. मागच्या वर्षीची फाइल घ्यायची, नावे बदलायची, सोनेरी अक्षरांचे बाइंडिंग करायचे. तो अहवाल वाचून त्या प्रकल्पाचे सॉफ्टवेअर कोणी चालवू शकेल का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. वाचकच नसलेले लेखन चार वर्षे केल्यावर वाचकासाठी लिहिण्याची सवय लागणार तरी कशी?

एआय आल्यावर हे काम उरेल का?

हा सर्वांत रास्त आक्षेप. रकान्यांची यादी करणे, वाक्ये सुधारणे, उदाहरणे तयार करणे ही कामे एआय आता काही सेकंदांत करते. केवळ एवढेच करणाऱ्यांच्या जागा कमी होतील, हे मान्य करायला हवे. या क्षेत्रात नोकऱ्यांचा पूर येणार आहे, असे सांगणारा एक तर भोळा असतो, नाही तर क्लास चालवत असतो.

पण एआयला जे लिहून ठेवलेले आहे तेच मिळते. बाजार बंद असताना शून्य येते की काहीच येत नाही, हे कुठेच लिहिलेले नसेल, तर ते अंदाजाने उत्तर देते आणि तेही पूर्ण आत्मविश्वासाने. अस्तित्वात नसलेल्या रकान्याचे नावही ते सहज ठोकून देते. एपीआय चालवून पाहणारा, अभियंत्याला उलट प्रश्न विचारणारा माणूस त्यामुळे अधिकच लागतो. शिवाय आता डॉक्युमेंटेशनचा वाचकही बदलतो आहे. प्रोग्राम लिहून देणारी एआय साधने हीच पाने वाचतात. त्यांना ती सोपी जावीत म्हणून संकेतस्थळावर वेगळी साधी फाइल ठेवण्याचा प्रस्ताव २०२४ मध्ये पुढे आला आणि अनेक कंपन्यांनी तो उचललाही. मूळ पान चुकीचे असेल, तर आता एका अभियंत्याची नव्हे, त्या साधनावर विसंबलेल्या हजारोंची चूक होते. कामाचे स्वरूप लेखनाकडून पडताळणीकडे सरकते आहे, आणि पडताळणीसाठी अभियांत्रिकीची पार्श्वभूमी अधिक उपयोगी.

मग महाविद्यालयांनी काय करावे?

नवा विषय, नवी प्रयोगशाळा, नवे अनुदान यांची वाट पाहण्याची गरज नाही. संगणक शाखेच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात एक अट घातली तरी पुरे. प्रकल्पाचे डॉक्युमेंटेशन दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हातात द्यायचे, प्रकल्प करणाऱ्यांनी शेजारी गप्प बसायचे आणि त्याला तेवढ्या कागदावरून अर्ध्या तासात पहिली यशस्वी विनंती पाठवता येते का ते पाहायचे. तो कुठे अडला, त्याच्या नोंदी करायच्या, त्यानुसार लेखन सुधारायचे आणि पुन्हा दुसऱ्या विद्यार्थ्याकडे द्यायचे. गुण या सुधारणेला द्यायचे, बाइंडिंगला नव्हे.

प्राध्यापकांवर आधीच कागदपत्रांचा बोजा आहे, हे खरे. म्हणूनच येथे तपासणीचे काम विद्यार्थीच करतील. प्राध्यापकाने फक्त नोंदी पाहायच्या. प्रत्येकजण तांत्रिक लेखक होणार नाही आणि होऊही नये. पण जो प्रोग्रामरच होणार आहे, त्यालाही आपल्या कामाचे वाचणाऱ्याच्या बाजूने वर्णन करता आले, तर त्याचे मोल वाढते. पुण्याच्या कंपनीत टेस्टिंगच्या कंत्राटी जागेसाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलाच्या हाती आणखी एक कौशल्य येते, आणि ते धुळ्यात बसूनही विकता येण्याजोगे आहे. या कामातील मोठा भाग लेखी आणि दूरस्थ पद्धतीने चालतो.

आणि सरकारने?

केंद्राचे खुल्या एपीआयचे धोरण २०१५ मध्ये आले. ‘एपीआय सेतू’सारखा सरकारी मंच उभा राहिला. डिजिलॉकरपासून आरोग्यापर्यंत एकेक सेवा एपीआयने जोडली जात आहे. बँक खात्यांची माहिती संमतीने दुसरीकडे नेण्याच्या ‘अकाउंट अ‍ॅग्रिगेटर’ व्यवस्थेसाठी रिझर्व्ह बँकेच्या ‘रीबिट’ या संस्थेने २०१९ मध्ये एपीआयची प्रमाणे प्रसिद्ध केली, तीही कोणालाही वाचता येतील अशी. म्हणजे सरकारी यंत्रणेला हे जमते. प्रश्न सातत्याचा आणि शेवटच्या पडद्यापर्यंत पोहोचण्याचा आहे.

राज्य सरकारने सॉफ्टवेअर विकत घेताना तीन अटी घालाव्यात. पहिली, डॉक्युमेंटेशन हा कंत्राटाचा भाग असावा आणि ते तपासल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. दुसरी, चुकीच्या प्रत्येक संकेतांकासोबत सामान्य माणसाला दाखवायचे मराठी वाक्य लिहिलेले असावे. ‘पडताळणी अयशस्वी’ असे नव्हे, तर ‘ठसा जुळला नाही, दुसरे बोट लावा. तरीही न जुळल्यास दुकानदाराने पर्यायी पद्धत वापरावी’ असे. तिसरी, नियम बदलला की किती दिवसांत हे वाक्यही बदलायचे, ते ठरलेले असावे. या तिसऱ्या कामासाठी मराठी आणि तंत्रज्ञान दोन्ही जाणणारी माणसे लागतील. इंग्रजीच्या बाजारात देवपूरच्या मुलाला स्पर्धा आहे. या कामात मात्र त्याच्या बाजूने वजन आहे, कारण रेशन दुकानात कोणते वाक्य समजेल आणि कोणते नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

धुळे हे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या अखेरच्या काळाचे शहर. गावोगाव हिंडून त्यांनी जमवलेल्या कागदपत्रांवर पुढच्यांचे संशोधन उभे राहिले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही या शहरात आहे. लिहिलेल्या कागदाला किंमत असते, हे या गावाला नव्याने सांगायला नको. सांगायचे एवढेच, की आजच्या कारभाराचे कागद संगणकात आहेत, त्यांतले पुष्कळ अर्धवट लिहिलेले आहेत, आणि ते पूर्ण करणे हे कमी दर्जाचे काम नाही. येत्या सत्रात एका वर्गाने, एका प्रकल्पावर, वरची अर्ध्या तासाची चाचणी करून पाहावी. खर्च शून्य आहे आणि उत्तर त्याच दिवशी मिळते.